चौऱ्याहत्तर पूर्णांक तीन

चौकशी समितीचा मसुदा सकाळी साडेदहाला त्याच्या टेबलावर आला, तोही फक्त आकडे ताडून बघायला. विद्यापीठाच्या माहिती विभागात बारा वर्षं तो हेच करत आला होता. कागद कुणाचाही असो, बाहेर जाण्याआधी त्यातले आकडे त्याच्या हाताखालून जायचे. कार्यालयात त्याला टक्केसाहेब म्हणत आणि त्याचं त्याला काही वाटेनासं झालं होतं. असल्या कागदातला मजकूर तो वाचायचा नाही. पेन्सिल घेऊन एका आकड्यावरून दुसऱ्यावर जायचा, मधली वाक्यं डबक्यासारखी ओलांडायचा. पहिल्या पानावरच्या तारखा बरोबर होत्या. दुसऱ्यावर वर्गाचा पट एकने जास्त होता, कारण गेलेली मुलगी त्यातून वजा करायची राहून गेली होती. ती त्याने केली. तिसऱ्या पानावर होतं, "सदर विद्यार्थिनीची सत्रातील हजेरी : ७४.३ टक्के", आणि तिथे पेन्सिल थांबली. आकडा बरोबर होता, संगणकातही हाच होता. पण तो तिचा नव्हता, अख्ख्या वर्गाचा होता. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि उगाचच स्टेपलर उचलून पलीकडे सरकवला.

दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं. त्याला कळलं, कारण त्या वर्गाची सरासरी त्याने स्वतः काढली होती आणि तिथे दशांशासकट हाच आकडा जेव्हा एखाद्या मुलाच्या नावापुढे येतो तेव्हा त्याचा नियम लागलेला असतो. नियम काय, अगदी साधा. मुलं वर्गाच्या दाराशी कार्ड टेकवून आत जातात, यंत्र नोंद घेतं, हजेरी घसरली की नाव लाल यादीत चढतं, आणि ती यादी दर सोमवारी विभागप्रमुखांकडे आणि हॉस्टेलच्या रेक्टरबाईंकडे जाते. पहिल्या वर्षी या यादीने नुसता उच्छाद मांडला. चाळीसेक कार्डं बिघडलेली. पोरं रोज बाकावर बसलेली आणि घरी मात्र फोन, की तुमचा मुलगा दोन आठवडे फिरकलेला नाही. एका बाईंना फोनवरच चक्कर आली. एक गृहस्थ मुलाचा कान धरून थेट कुलगुरूंच्या दालनात शिरले, आणि पोरगा आपला ओरडतोय, अहो मी येतो हो रोज, सरांना विचारा! विभागाच्या संचालक, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, त्या दिवशी अशा तापल्या की शिपाईसुद्धा पाण्याचा ग्लास दाराशीच ठेवून पळाला. उद्यापर्यंत काहीतरी करा, म्हणाल्या. त्याने तासाभरात केलं. सलग पंधरा दिवस एकही नोंद नसेल तर कार्ड बिघडलं असं समजावं, त्या मुलाची आधीची हजेरी बाद करावी आणि तिच्या जागी वर्गाची सरासरी टाकावी. त्यामागचा विचार त्याला बिनतोड वाटला होता. चार दिवस कुणी दांडी मारील, आठ दिवस मारील. पण पंधरा-पंधरा दिवस एक पोर वर्गात नाही आणि कुणाला पत्ताच नाही, असं होईलच कसं? कुणीतरी विचारीलच की. बोंबाबोंब थांबली, मॅडमनी सही केली, आणि त्या वर्षी त्याला बढती मिळाली.

त्याने मूळ नोंदींचा तक्ता उघडला. तो सहसा कुणी उघडत नाही. सरासरी काढून झाली की मूळ तक्त्याचं काम संपतं. तिची ओळ सापडायला अर्धं मिनिटही लागलं नाही. सत्राच्या सुरुवातीला एक्याण्णव टक्के. पोर सकाळी पावणेआठलाच येऊन कार्ड टेकवायची, तास आठचा असताना. मग एका मंगळवारपासून काही नाही. एकवीस दिवस काही नाही, आणि बाविसाव्या दिवशी तिने हॉस्टेलच्या खोलीत जीव दिला. त्याने स्क्रीन वर-खाली केली, डोळे चोळले. पहिले चौदा दिवस तिचं नाव लाल यादीत होतं. दोन सोमवार ती यादी दोन्हीकडे गेली होती, तीनशे बारा नावांची, आणि तीनशे बारा नावं कोण वाचतं? पंधराव्या दिवशी नियम लागला आणि लाल खूण आपोआप गेली. एवढंच असतं तरी त्याने कशीबशी समजूत घातली असती स्वतःची. पण लाल यादीतून जे बाहेर पडतात त्यांची मोजणी वेगळी होते. तो रकानाही त्यानेच केलेला, 'सुधारणा दिसलेले विद्यार्थी'. त्या महिन्यात एक्केचाळीस. मॅडमनी तो आकडा मोठ्या सभागृहात पडद्यावर दाखवला होता, कुलगुरूंनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या, त्यानेही. एक्केचाळीसमध्ये ती होती. ती तेव्हा खोलीत होती, जिवंत होती, आणि इकडे टाळ्या चालल्या होत्या. त्याच्या तळहातांना घाम सुटला, तो त्याने पँटला पुसला, परत सुटला.

मग मात्र त्याने मजकूर वाचला, पहिल्यापासून, मान न उचलता. खोलीतल्या दुसऱ्या मुलीने, म्हणजे तिच्या जोडीदारणीने, जबानीत सांगितलं होतं की ती एकवीस दिवस खोलीबाहेर पडली नाही. आपण सोळाव्या दिवशी रेक्टरबाईंना जाऊन सांगितलं. रेक्टरबाईंचं म्हणणं, मुलगी आली होती खरी, पण संगणकात बघितलं तर हजेरी व्यवस्थित होती, लाल खूण नव्हती. म्हणून तिला सांगितलं की दुसऱ्याच्या भानगडीत पडू नकोस. समितीचा निष्कर्ष खाली होता: जोडीदारणीची जबानी नोंदींशी विसंगत व अविश्वसनीय; खोटी माहिती दिल्याबद्दल तिला हॉस्टेलमधून काढावं. त्यात मृत मुलीच्या वडिलांची तक्रारही जोडली होती, की ही मुलगी आमच्या मुलीची बदनामी करते आहे. अंतिम बैठक आज चार वाजता. म्हणजे चारच्या आत कुणी बोललं नाही तर एक खरं बोलणारी पोर खोटारडी ठरून रस्त्यावर येणार होती, आणि हे ज्याला ठाऊक होतं असा माणूस जगात एकच होता, तो खुर्चीत बसून पंख्याकडे बघत होता.

त्याला आपले वडील आठवले. शाळामास्तर होते ते. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी पट भरलेला दिसला पाहिजे म्हणून ते याला, आठ वर्षांच्या पोराला, वरच्या वर्गात नेऊन बसवायचे. तापाने घरी पडलेल्या कुठल्याशा मुलाचं नाव पुकारलं की याने म्हणायचं, हजर. नुसतं म्हणायचं नाही, खणखणीत म्हणायचं. साहेब मान हलवायचे, रजिस्टरवर खूण व्हायची. घरी जाताना वडील खांद्यावर हात ठेवायचे, तो एरवी कधी ठेवत नसत. त्याला ते दिवस आवडायचे, हे कबूल करायला हवं. दुसऱ्याच्या जागेवर बसून बाकाचं लाकूड गुडघ्याला टोचत असायचं, ते कुणाचं बाक, तो मुलगा बरा झाला का, हे विचारायचं त्याच्या कधी डोक्यात आलं नाही. वडिलांच्याही आलं नसावं. आज सकाळी बायको काहीतरी सांगत होती, दाराशी उभी राहून, बराच वेळ. तो हं, हं म्हणत बूट घालत होता. शेवटी ती म्हणाली, "मी काय बोलले सांग बरं?" आणि तो हसला, आणि ती हसली नाही. काय सांगत होती ती? दवाखान्याचं काहीतरी होतं का? त्याने फोन उचलला, तिचं नाव काढलं, आणि काय विचारायचं ते न सुचून परत ठेवला.

बाराला तो मॅडमच्या खोलीत गेला. त्या जेवणाचा डबा उघडत होत्या. त्याचं तोंड बघून त्यांनी झाकण परत लावलं. त्याने सगळं सांगितलं, नियम, पंधरा दिवस, एक्केचाळीस. त्यांनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "नियम कुणी लिहिला?"

"मी."

"सही?"

"तुमची."

"म्हणजे बुडालो तर दोघंही बुडालो." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि त्यांचे डोळे एकदम म्हाताऱ्या बाईचे दिसायला लागले. "मी काही राक्षसीण नाही हो. मला रात्रभर झोप लागणार नाही आता. पण विचार करा. मुलगी परत येणार आहे का? नाही. त्या दुसरीला बाहेर खोली मिळेल, मी स्वतः शब्द टाकते कुठेतरी. आणि तो बाप? परवा इथे बसला होता, तुमच्यासमोरच्या खुर्चीत. चौऱ्याहत्तर टक्के ऐकल्यावर त्याच्या जिवात जीव आला. म्हणाला, म्हणजे ती शेवटपर्यंत जात होती तर. आता तेवढंही काढून घ्यायचं त्याच्याकडून?"

खरं तर त्याला बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. मॅडमनी डबा पुन्हा उघडला. "दुपारी येणार आहेत ते नवरा-बायको, हजेरीचा कागद न्यायला," त्या म्हणाल्या. "शिक्का मारून द्या. दोन शब्द गोड बोला." तो बरं म्हणाला आणि बाहेर आला. जिन्यावर त्याने मनाशी ते दोन गोड शब्द जुळवूनही बघितले. असं असतं बघा माणसाचं. बारा वर्षं नोकरी केलेली, घराचे हप्ते चालू, बायकोशी धड बोलणं नाही, आणि कुणीतरी वरच्या खुर्चीतून सांगतं की गप्प बसणं हीच दया आहे, मग कोण नाही म्हणतो?

दोघं अडीचला आले. बाप वीज कंपनीत मीटर रीडर होता. खिशाला दोन पेनं, बोटं उन्हाने काळवंडलेली. आई मागे, पिशवी पोटाशी धरून. शिपायाने खुर्च्या दिल्या. बाप खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, "साहेब, त्या चौऱ्याहत्तर टक्क्यांचा कागद मिळेल का? शिक्क्याचा हवा. नातेवाईक काय वाट्टेल ते बोलतात हो. कुणी म्हणतं शिकत नव्हती, कुणी म्हणतं बाहेर काही भानगड होती. त्या दुसऱ्या पोरीने आगीत तेल ओतलं. कागद असला की तोंडं बंद होतील सगळ्यांची. मुलगी आमची वर्गात जात होती, बास." आणि तो हसायचा प्रयत्न करून म्हणाला, "माझं आयुष्य आकडे वाचण्यात गेलंय. आकडा खोटं बोलत नाही."

हे तो नसता बोलला तर कदाचित शिक्का बसलाही असता. टक्केसाहेबाने कागद छापायला दिला; यंत्र गुरगुरलं, कागद बाहेर आला. त्याने शिक्का उचलला. शिक्क्याची मूठ गार होती. आई त्याच्याकडे बघत होती, कागदाकडे नाही, त्याच्याच तोंडाकडे, आणि तिने विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?" कुणाला काय विचारावं, बाई! त्याने शिक्का ठेवला, तो कागद उलटा केला आणि म्हणाला, "हा नको. मी दुसरा देतो." मग मूळ नोंदी छापल्या, तिच्या एकटीच्या, तारीखवार, आणि बापाच्या हातात दिल्या.

आकडे वाचायची सवय असलेला माणूस तो. बोट लावून वरून खाली येत गेला. पावणेआठ, पावणेआठ, सात बावन्न, पावणेआठ. ओठ हलत होते. मग बोट थांबलं, पुढे सरकलं, पुन्हा वर गेलं. "इथे काही नाही," तो म्हणाला. "इथेही नाही. हे काय आहे?"

"ती त्या दिवशी गेली नाही वर्गात. त्यानंतर गेलीच नाही. एकवीस दिवस. ती मुलगी खरं सांगत होती."

बाप परत वरून वाचायला लागला, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर काही वेगळं निघेल. आईने मात्र कागद बघितलाच नाही. तिने पिशवी खाली ठेवली. "एकवीस दिवस खोलीत?" ती म्हणाली. "मग जेवली काय?"

बारा वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि त्याच्या लक्षात आलं की याचं उत्तर त्याच्याकडे आहे. हॉस्टेलच्या मेसमध्येही ताट घेताना कार्ड लागतं. तो तक्ता वेगळा, मेसच्या कंत्राटदाराच्या हिशेबासाठीचा, हजेरीशी तो कधी कुणी जोडलाच नव्हता. त्याने उघडला. मुलीच्या कार्डावर त्या मंगळवारपासून काहीच नव्हतं. आई उठून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिचा श्वास त्याला कानाशी ऐकू येत होता. मग त्याने जोडीदारणीचं कार्ड काढलं. मंगळवारी दुपारी दोन ताटं. रात्री दोन. बुधवारी दोन, दोन. गुरुवारी दोन, दोन. एका कार्डावर दोन ताटं घेतली की दुसऱ्या ताटाचे जादा पैसे कापले जातात, ते जोडीदारणीचे कापले गेले होते, रोज, एकवीस दिवस, शेवटच्या रात्रीपर्यंत.

"हे दुसरं ताट..." आई म्हणाली आणि थांबली. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं, काच मळेल वगैरे काही मनात न आणता, आणि ती एकेक ओळ खाली येत गेली. मोजत होती. मोजून झाल्यावर ती नवऱ्याकडे वळली. "ही पोर माझ्या लेकीला भरवत होती," ती म्हणाली, "आणि तुम्ही तिच्यावर तक्रार लिहिलीत." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात शिपाई आत आला. समितीच्या कार्यालयातून आणखी एक कागद होता, मसुद्याला जोडायचा, आकडे ताडून लगेच परत पाठवा म्हणून. टक्केसाहेबाने तो हातात घेतला. वहीतून फाडलेलं पान, निळ्या शाईतलं, जोडीदारणीचं. "मी सांगितलेले एकवीस दिवस बरोबर नसावेत. संगणकात हजेरी आहे त्याअर्थी ती वर्गात जात असावी आणि मला ते कळलं नसावं. मी दिवसा झोपत असेन. दिवस मोजण्यात माझी चूक झाली. मला खोलीतून काढू नये ही विनंती." खाली सही. त्याने ते एकदा वाचलं आणि मग मोठ्याने वाचलं, कारण त्या दोघांनी ऐकायलाच हवं होतं. मी दिवसा झोपत असेन! दिवसातून दोनदा जिना उतरून ताट वर नेणारी पोर. तिचा तिच्याच डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतला होता या आकड्याने. त्याने पेन घेतलं, पेन्सिल नाही, आणि पानाच्या खाली लिहिलं: मुलीचे एकवीस दिवस बरोबर आहेत. संगणकातील ७४.३ हा आकडा चूक असून तो माझ्या नियमाने पडलेला आहे. सही केली, तारीख घातली, मेसचा तक्ता छापून त्याला टाचला.

"मॅडमना दाखवायचंय का आधी?" शिपायाने विचारलं.

"नको. समितीकडे ने. थांब, मीच येतो."

तो उठला. नोकरी गेली हे त्याला स्पष्ट दिसत होतं. घरी जाऊन बायकोला हे सांगावं लागेल, आणि त्याआधी सकाळी ती काय म्हणाली ते विचारावं लागेल, हेही दिसत होतं. त्याला वाटलं होतं की लिहून झाल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. तो दाराशी पोचला तेव्हा मागून बाप म्हणाला, "साहेब."

तो वळला. बाप अजून खुर्चीच्या कडेवरच होता, तारखांचा कागद मांडीवर. "ती गेलीच नाही म्हणता. मग ते चौऱ्याहत्तर आलं कुठून?"

टक्केसाहेबाने सांगितलं. कार्डं बिघडायची, फोन जायचे, ओरडा व्हायचा. पंधरा दिवस नोंद नसली की कार्ड बिघडलं असं धरायचं आणि वर्गाची सरासरी टाकायची. सांगताना त्याला प्रत्येक शब्द बारीक खड्यासारखा दाताखाली लागत होता.

"सरासरी टाकलीत," बाप म्हणाला.

"हो."

"आम्हीपण टाकतो." त्याने कागदाची घडी घातली, मग घडीवर अंगठा फिरवला. "घराला कुलूप असलं, आत जाता आलं नाही, की मागच्या महिन्यांची सरासरी टाकायची आणि पुढे जायचं. रोज दहा-बारा घरं असतात तशी." बोलता बोलता त्याने मान वर केली. तो रागावलेला नव्हता. एखादी गोष्ट खरंच समजत नसावी तसा तो बघत होता. "पण आम्ही आधी दार वाजवतो हो."

शिपायाने खाली बघितलं. मग बाप उठला, कागद खिशात दोन पेनांच्या मागे नीट ठेवला, आणि बायकोची पिशवी उचलून म्हणाला, "चल. त्या पोरीकडे जायचंय."